आईबरोबर जावाला

नव्वदच्या दशकात मी मुरबाडच्या कॉलेजात होते. आमच्या भूगोलाच्या सरांनी एका हिवाळ्यात सगळ्या वर्गाला नाणेघाट चढवला. आमचं गाव टोकावड्याच्या अलीकडे. घाटाशेजारचा नानाचा अंगठा हा सुळका आमच्या अंगणातून रोज दिसायचा, पण वर मी तेव्हा पहिल्यांदा गेले. वरच्या कातळावर बसून सरांनी सांगितलं की हा सगळा काळा दगड म्हणजे एके काळी वाहिलेला तप्त रस आहे, थर चढून चढून हा सह्याद्री झाला. माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. हे अजून कुठे चालू असेल, तर तिथे जाऊन बघायचं.

संध्याकाळी घरी आले ती छाती फुगवूनच. आई चुलीपुढे तांदळाच्या भाकरी थापत होती. मी तिला घाटाची चढण सांगायला लागले, पायऱ्या कशा निसरड्या, कुठे दम लागला, कोणत्या मुली मागे राहिल्या. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू पोटात होतीस तवा मी तो घाट चढलेय. डोक्यावर तांदळाचं गाठोडं होतं."

आईचं माहेर घाटावर. एसटीने जायचं तर माळशेजचा मोठा वळसा, आणि गाडी वेळेवर मिळेलच असं नाही. म्हणून आमच्याकडच्या घाटावरच्या सुना वैशाखऱ्यावरून सरळ चढून माहेरी जायच्या. तिने हे मला कधी सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

पुढे मी लॅब टेक्निशियन झाले आणि शहापूरला एका दवाखान्यात लागले. तिथेच खोली घेऊन राहिले. शनिवारी किन्हवली-सरळगाव करत गावी यायचे आणि रविवारी जमेल तो डोंगर चढायचे. माहुली, गोरखगड, सिद्धगड, जीवधन. आधी ग्रुपबरोबर, मग हळूहळू एकटी. धुक्यात वाट कशी धरायची, सुट्या मुरमाच्या घसाऱ्यावर पाय कसा टाकायचा, कुठे मागे फिरायचं, हे मी चुकत चुकत शिकले आणि चांगलं शिकले. लग्नाचा विषय निघायचा आणि मावळायचा. मला त्याची घाई नव्हती, आणि काही वर्षांनी इतरांचीही संपली.

दोन हजार साल उलटून बरीच वर्षं झाली होती. शहापूरच्या सायबर कॅफेत बसून मी जावा बेटाची सगळी माहिती काढली. जिवंत ज्वालामुखी, त्यांच्या पायथ्याशी गावं, आणि एका ज्वालामुखीच्या तर थेट तोंडापर्यंत चालत जाता येतं. टूर कंपनीच्या टोपीखाली, झेंड्यामागे फिरायचं मला नव्हतं. दवाखान्यातली एक मैत्रीण बरोबर यायला तयार झाली. पण निघायच्या काही महिने आधी ती लॅबच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "सासरी नाही म्हणाले गं." मला तिचा राग आला नाही. मी एकटी जायचं ठरवलं आणि गावी जाऊन तसं सांगितलं.

आई ओट्यावर वाल निवडत होती. बाबा खाटेवर रेडिओ लावून पडले होते.

"मंग आता एकटीच जाशील?" आईने विचारलं.

"हो."

"तिथं ते बुद्धाचं मोठं हाय म्हनली होतीस ना?"

"बोरोबुदूर, मोठा स्तूप. त्याच बेटावर आहे."

तिने सूप झटकलं. "मंग मी येते."

बाबांनी रेडिओ बारीक केला. "आनि म्हशीचं कोन बघंल?"

"तुमी," आई म्हणाली. विषय तिथे संपला.

आमच्या घरात आजोबांच्या काळापासून धम्म आहे. भिंतीवर बुद्धाची तसबीर, पौर्णिमेला वंदना, एवढं सगळ्यांच्याच घरी असतं. पण आईला कधीतरी बुद्धाच्या पायाशी लांबचा प्रवास करून जायचं होतं हे मला त्या दिवशी कळलं. डोंगराचं मात्र तिने काही विचारलं नाही. मीच तिला म्हटलं, "मी ज्वालामुखी चढणार आहे. तू खाली गावात थांबशील."

"बघू," ती म्हणाली.

मग गावभर गोंधळ उडाला. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला. आईने त्याला चहा दिला. त्याने विचारलं, "मावशी, कुठं चाललात?"

"जावाला."

"अहो, जावांकडे जायला पासपोर्ट कशाला लागतो?"

विहिरीवर बायकांनीही तेच. "तुला तर एकच जाऊ, ती सरळगावला. मंग या कोनत्या जावा?" आईने आधी समजावलं, नंतर कंटाळून "नवीन जावा हायेत, लांबच्या" असं सांगायला सुरुवात केली. मुरबाडच्या बाजारातून मी तिला कॅनव्हासचे बूट आणले आणि बजावलं की रोज घालून चालायचं. ती लुगड्याचा काष्टा मारून, पायात पांढरे बूट घालून खाचराच्या बांधांवरून फिरायची. बाबा म्हणायचे, "शेताची तपासनी करायला सायेब आला."

विमानात ती खिडकीला नाक लावून बसली आणि ढगांच्या वर आल्यावर म्हणाली, "धुकं घाटातलंच हाय, फक्त आपण वरून बघतोय." जाकार्ताहून आम्ही रेल्वेने निघालो. गाडी भाताच्या मुलखातून जायला लागली तशी आई उठून दारापाशी जाऊन उभी राहिली. मलाही मग जावं लागलं. एका खाचरात लावणी चाललेली, लगेच शेजारच्यात पोटरीतलं भात, आणि त्याच्या पलीकडे कापणी.

"यांचा पाऊस कदी पडतो गो?" तिने अगदी हैराण होऊन विचारलं.

मी सांगितलं की इथे वर्षातून दोन-तीनदा पीक घेतात. तिने बराच वेळ मान हलवली. "म्हंजे वर्सातनं दोन-तीनदा कंबर मोडायची," ती म्हणाली. मी नुसती हिरवाई बघत होते. माझ्या मनात ते आलं नव्हतं.

जेवणाची मला काळजी होती. तिने बॅगेत चटणी, भाजलेले शेंगदाणे आणि लोणचं कोंबलं होतं. पण पहिल्याच खानावळीत भाताबरोबर तिखटात परतलेली बारीक सुकी मासळी आली. आईने एक चिमूट तोंडात टाकली आणि तिचे डोळे चमकले. "ही तर आपली सुकट! लसूण कमी पडलाय." त्यानंतर बॅगेतली बरणी उघडायची वेळच आली नाही.

बोरोबुदूरला आम्ही दोघी सकाळी पोचलो. काळ्या दगडाचा तो डोंगरच. सगळ्या फेऱ्या घेत घेत ती वर चढली, मधेच थांबून भिंतीवरच्या कोरीव चित्रांत नांगर कुठे आहे, बैल कुठे आहेत ते शोधत. सगळ्यात वर पोचल्यावर तिने बूट काढून बाजूला ठेवले, डोक्यावरून पदर घेतला आणि हात जोडून हळू आवाजात वंदना म्हटली. आजूबाजूची माणसं फोटो काढायची थांबली. मीही तिच्याबरोबर म्हणायला लागले आणि मधली एक ओळ विसरले. तिने ती माझ्यासाठी परत म्हटली.

मला वाटलं होतं, इथे तिचा प्रवास पूर्ण झाला. खाली आल्यावर ती म्हणाली, "आता तुझा डोंगर कुठं हाय?"

तो बेटाच्या पूर्वेला होता. पुन्हा रेल्वे, मग एक जुनी व्हॅन. व्हॅनमध्ये माणसं कमी आणि कोबी, कांद्याची पोती जास्त. वर जाऊ तशी थंडी वाढली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इतक्या उभ्या उतारावर शेतं होती की खालून बघताना ती भिंतीला टांगलेली वाटायची. ज्वालामुखीच्या कडेवरच्या एका गावात आम्ही एका बाईच्या घरी खोली घेतली. बाई साधारण माझ्याच वयाची, शेती करणारी. तिला इंग्रजीचे चार शब्द येत होते. आईला एकही नाही, पण पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोघी चुलीपाशी शेकत बसल्या होत्या, एक जावाची भाषा बोलत होती आणि दुसरी मुरबाडची.

तिथे येणारे सगळे प्रवासी पहाटेच्याही आधी उठून, जीपने समोरच्या टेकडीवर जाऊन सूर्योदय बघतात. आईने ते ऐकलं. "सूर्य आपल्याकडंबी उगवतो. ही गर्दी परत आली की मंग निवांत जाऊ." मला ते पटलं. चांगलं उजाडल्यावर, चहा-भात खाऊन आम्ही निघालो. तिला मागे ठेवायचा विषय मी पुन्हा काढला नाही. पांढरे बूट तिने घालूनच ठेवले होते.

गाव एका प्रचंड जुन्या ज्वालामुखीच्या काठावर आहे. त्याच्या पोटात काळ्या राखेचं सपाट मैदान पसरलंय आणि मैदानाच्या मधे एक छोटा ज्वालामुखी, तोच सध्या धुमसणारा. वाट उतरून आम्ही मैदानात आलो. झाड नाही, पाखरू नाही. पाय रुततात, पण फार नाही. घोडेवाले जवळ आले, घोड्यावर बसा म्हणून खुणा करायला लागले. आईने एका घोड्याची मान थोपटली, त्याचे दात बघितले आणि पुढे चालायला लागली. घोडेवाला हसला आणि मागे राहिला.

शेवटच्या चढाला पायऱ्या होत्या. आई कुठेही न थांबता, एका लयीत चढली. मी माझ्या लयीत. काठावर आम्ही बरोबरच पोचलो आणि दोघींनी एकदम कठड्याला धरलं.

खाली तोंड होतं. खोल, करडं, पिवळ्या डागांचं, आणि त्याच्या तळातून पांढरा धूर उसळत होता. पण बघण्यापेक्षा आधी जाणवला तो आवाज. तो कानापेक्षा पायांतून वर येत होता.

"गिरनी चालू हाय," आई म्हणाली.

इतकी वर्षं मी ज्याची वाट बघितली ते समोर होतं. मला रडू आलं नाही, ओरडावंसंही वाटलं नाही. फक्त वाटलं की मी अगदी बरोबर जागी उभी आहे. एक म्हातारा रानफुलांच्या जुड्या विकत होता. तिथली माणसं ती फुलं, भाजी, धान्य देवाला म्हणून त्या तोंडात टाकतात. आईने एक जुडी घेतली आणि टाकायच्या ऐवजी अंबाड्यात खोचली.

कठडा पायऱ्यांच्या आसपासच होता. त्याच्या पुढे काठ तसाच वळत गेला होता, वर जेमतेम एका माणसाची पायवाट. आत तोंड, बाहेर राखेचा उतार.

"ही वाट पुढं जाते," आई म्हणाली.

मी बघून घेतलं. वारा आमच्या पाठीकडून होता, धूर पलीकडे झुकला होता, वाट कोरडी होती. दोन परदेशी पोरं त्याच वाटेने परत येत होती, त्यांना विचारलं, ती म्हणाली ठीक आहे. याहून वाईट वाटेने मी जीवधनला एकटी गेले होते. "चल," मी म्हटलं. "मी पुढे. बघायचं असेल तर आधी थांबायचं, मग बघायचं. चालताना बघायचं नाही."

"घाटात मीबी हेच सांगायचे तुझ्या बाबाला."

आम्ही चांगलं अंतर गेलो. पायऱ्यांवरची माणसं मुंग्यांएवढी झाली. मागे दूर दुसरा एक मोठा ज्वालामुखी दिसत होता, तोही मधूनमधून धुराचा गोळा सोडत होता. आई थांबून तो बघत होती आणि तेवढ्यात वारा पडला. एकदम. मला ते आवडलं नाही. मी वळले, तर आम्ही आलो होतो त्या वाटेवरच धूर वळून येत होता.

पहिला झोत आला तेव्हा घशात कुणी आगपेटीच पेटवल्यासारखं झालं. डोळे उघडेनात. मी बाटलीतलं पाणी पंच्यावर ओतलं आणि तोंडाला बांधला. आईने न सांगता पदर भिजवून नाकावर घट्ट धरला होता. मागची वाट धुरात गेली होती. पुढची वाट वर चढत होती, आणि धूर वरच जातो. राहिला बाहेरचा उतार. मी खाली वाकून बघितलं. मोकळी राख होती, मधे कडा नव्हता, मोठे धोंडे नव्हते, आणि पायथ्याचं मैदान वरून तळापर्यंत स्पष्ट दिसत होतं.

"आई, बाहेरून खाली. टाच रोवायची, मागे झुकायचं. थांबायचं नाही."

तिने मान हलवली आणि लुगड्याचा काष्टा आवरला. मी तिचा हात धरायला गेले, तर तिने झटकला. "दोघी पडू. सोड."

ते बरोबरच होतं. मी उडी घेतली आणि पाय घोट्यापर्यंत राखेत गेला. एकेक पाऊल हातभर खाली सरकत होतं. सोबत राखेचा लोंढा धावत होता. माझ्या बाजूने आई खाली जात होती, हात पसरून, पदर दातांत धरून. अर्ध्यात हवा स्वच्छ झाली. मी थांबायला बघत होते, तेवढ्यात ती मला मागे टाकून गेली, आणि तिच्या तोंडातून पदर सुटला होता, आणि ती हसत होती. तिला असं हसताना मी आधी कधी ऐकलं नव्हतं. मोठ्याने, पोरीसारखं.

खाली आम्ही राखेत बसलो. खोकत होतो, डोळे वाहत होते. तिच्या एका पायातला बूट वर कुठेतरी गडप झाला होता. चेहरा काळा, अंबाड्यातली फुलं तशीच.

"घाबरलीस का गो?" तिने विचारलं.

"हो. तू?"

"लय," ती म्हणाली आणि पुन्हा हसायला लागली.

मग ती बोलली. दुसऱ्या कुठल्या जागी ती हे बोलली असती असं मला वाटत नाही. मी तान्ही असताना ती एकदा बाबांशी भांडून, मला झोळीत घालून नाणेघाट चढली होती. कायमची जायला. वर पोचली, टाक्याचं पाणी प्यायली, आणि परत उतरली.

"का?"

"खाचरात रोपं तयार होती. माझी मी पेरलेली. ती कोन लावनार होतं?" तिने बोटांनी राखेत रेघा ओढल्या. "आनि तुझ्या बाबाला वाटलं मी रानात भाजी आनायला गेले होते. अजून तेच वाटतं."

"सांगितलं नाहीस कधी?"

"कशाला? पुढं सुधरला तो. म्हशीपाशी एकटा ठिवलाय बघ, बोलला का काय?"

आम्ही उठलो तेव्हा मैदानात ढग उतरला होता. गाव दिसेना, पायऱ्या दिसेनात. पण या गोष्टीची मला सवय होती. येताना मी बघून ठेवलं होतं की घोडे पायऱ्या ते गाव याच एका पट्ट्यातून ये-जा करतात. ज्वालामुखीचा पायथा उजव्या हाताला धरून आम्ही गोल फिरलो, लीद दिसली, आणि मग लिदीच्या मागे मागे सरळ गावापर्यंत गेलो. आई एका पायात बूट घालून लंगडत होती, मग तिने तोही काढून हातात घेतला आणि अनवाणी चालली.

घरवाल्या बाईने आम्हाला दारात बघितलं आणि तिच्या भाषेत आमची चांगलीच खरडपट्टी काढली. बोट ज्वालामुखीकडे, मग आमच्या तोंडाकडे. आई मान खाली घालून ऐकत होती. बाईचं संपल्यावर आई मराठीत म्हणाली, "बरोबर हाय तुझं. पन आलो ना परत." बाईने सुस्कारा टाकला, आम्हाला गरम पाणी दिलं, आणि आईपुढे स्वतःचे शेतातले रबरी बूट आणून ठेवले.

ते घालूनच आई दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर कांदा लावायला गेली. मी वर बांधावर बसून दोघींकडे बघत होते. त्या उभ्या उतारावर दोघी वाकल्या होत्या, आणि थोड्या वेळाने कोण तिथली आणि कोण आमची हे लांबून ओळखू येईना. निघताना बाईने बूट परत घेतले नाहीत. आईने तिला शेंगदाण्याच्या चटणीची अख्खी बरणी दिली.

घरी आलो तर म्हैस धडधाकट होती आणि बाबा रोडावले होते. "कसा होता डोंगर?" त्यांनी मला विचारलं. मी आईकडे बघितलं. "उतरायला सोपा," ती म्हणाली आणि चूल पेटवायला गेली.

काही आठवड्यांनी विहारात पौर्णिमेच्या दिवशी बायकांनी तिला बोलायला उभं केलं. तिने बोरोबुदूर सांगितलं, भाताची खाचरं सांगितली, सुकट सांगितली. ज्वालामुखीचं नावच काढलं नाही. शेवटी एकीने विचारलं, "आनि तो डोंगर? आमाला जमंल का असला?"

आईने सगळ्या बायकांवरून एकदा नजर फिरवली. "आधी घाटापासनं सुरू करू," ती म्हणाली. "येत्या रविवारी. भाकरी आपली आपली आना. ही पुढं चालंल." आणि तिने माझ्याकडे बोट केलं. मला कुणी विचारलंच नव्हतं.

रविवारी टोकावड्याच्या स्टॉपवर मी पोचले तर तिथे बायकाच बायका. कुणी चपलेत, कुणी पोराच्या शाळेच्या बुटांत, एक तर सासूला घेऊन आलेली. माळशेजची एसटी आली, आम्ही सगळ्या चढलो. कंडक्टरने मागपर्यंत नजर टाकली. "मावशी, कुणाचं लगीन हाय का?"

"नाय रे," आई पुढच्या सीटवरून म्हणाली. "वैशाखऱ्याच्या पुढं घाटाशी उतरव. चढायचंय."